कागदाचा पलंग

"दिवसा कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही," दुकानातला माणूस म्हणाला आणि त्यानं दोन बोटांनी पलंग सोफ्यात ढकलून दिला. फारसा आवाज झाला नाही. थोडं कुरकुरलं, खट् झालं, आणि आत्ता जिथे एक माणूस आडवा होऊ शकला असता तिथे दोन हातांचा, राखाडी, अगदी सभ्य दिसणारा सोफा उभा राहिला. मग त्यानं बैठक वर उचलून आतली पोकळी दाखवली. गादी आत, उशी आत, पांघरूण आत, चादरी आत; झाकण लावलं की विषय संपला. ती मान हलवत होती. मोजपट्टी तिनं पर्समधून आधीच बाहेर काढली होती. पोकळीची खोली घ्यायला ती वाकणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या तिच्या साडेचार वर्षांच्या मुलीनं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आणि आजोबा?"

दुकानातला माणूस दिलखुलास हसला. "आजोबा वर बसतील ना बाळा, टीव्ही बघत. आजोबांना कुणी आत ठेवतं का?" तीही हसली, हसायला हवं तेवढी. मुलीचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिला घरात ठिपकी म्हणत, कारण पोटात असताना डॉक्टरांच्या काळ्या पडद्यावर ती पहिल्यांदा दिसली ती शाईच्या ठिपक्याएवढी. आणि ठिपकीच्या डोक्यात एखादा प्रश्न शिरला की उत्तर घेतल्याशिवाय तो बाहेर पडत नसे. "पण त्यांना दिवसा झोप आली तर?" "दिवसा कोण झोपतं गं?" तो म्हणाला आणि लगेच आईकडे वळला. "सहा फूट आहे मॅडम, स्टँडर्ड. कुणीही झोपा."

तिनं झाकणाबद्दल विचारलं. आपोआप पडतं का, आतून उघडता येतं का, बिजागरीच्या फटीत केवढं बोट जाईल. "मुलं कशाला आत बसतील, मॅडम?" असं तो म्हणाला, आणि असं म्हणणाऱ्या माणसाला एकतर मुलं नसतात किंवा त्यांच्याकडे बघणारं दुसरं कुणीतरी असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं आपलं बोट फटीत घालून पाहिलं. मग करंगळी. कुठलीही वस्तू आधी काय इजा करेल आणि मग काय उपयोगी पडेल, या क्रमानं बघायची तिला सवय लागली होती. काचेच्या टीपॉयचा कोपरा म्हणजे ठिपकीचा डोळा. उंच कपाटाचा वरचा खण म्हणजे तो ओढल्यावर पुढे झुकणारं अख्खं कपाट. नवरा म्हणायचा, तू घर बघत नाहीस, अपघात बघतेस. पण आज बोट फटीत असताना तिचं लक्ष बोटाकडे नव्हतं. बुटात खडा जावा तसं काहीतरी आत गेलं होतं, चालता येत होतं, फक्त प्रत्येक पावलाला ते आहे हे कळत होतं. शनिवारपर्यंत पीस बाजूला ठेवतो, शनिवारी दुपारी मीच फोन करतो, असं त्या माणसानं सांगितलं. तिनं आपला नंबर दिला. ठिपकीचा हात धरून ती बाहेर पडली तेव्हा मागे तो दुसऱ्या कुणाला तरी तोच सोफा उघडून दाखवत होता. ते कुरकुरणं आणि ते खट् तिला फुटपाथवरही ऐकू आलं, किंवा ऐकू आल्यासारखं वाटलं.

सोफा ही मुळात नवऱ्याची कल्पना. तो लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत होता आणि त्याच्या दिवसाचा बराच भाग मधेच अडकलेल्या लोकांना फोनवरून धीर देण्यात जाई. शांत राहा, दार जोर लावून उघडू नका, माणूस निघालाय. घरीही तो याच आवाजात बोले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, सासरे तिकडे त्यांच्या घरी एकटेच होते, गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले होते आणि ते आठ दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तेव्हापासून घरात त्यांच्याविषयी बोलणं होई, पण त्या बोलण्यात 'राहणं' हा शब्द कुणी वापरत नसे. बाबा येतील. बाबा आले की बघू. बाबांना येऊन तर जाऊ दे. "पण ते राहणारेत की नुसते येणारेत?" तिनं एकदा सरळ विचारलं होतं. "म्हणून तर सोफा म्हणतोय," तो म्हणाला. "राहिले तर पलंग, नाही राहिले तर सोफा. दोन्हीकडून आपण सुटलो." यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात प्रत्येक वस्तूनं दोन कामं करायचीच होती. स्टूल होतं त्यात ठिपकीची खेळणी होती, चपलांच्या कपाटावर बसून बूट घालता येत, आणि ती स्वतः ज्या टेबलावर काम करी ते खरं तर इस्त्रीचं टेबल होतं. एका वस्तूनं निर्णयही पुढे ढकलला तर ते तिसरं काम फुकटात झालं.

ती घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायची. डावीकडे लेखकाचं मूळ बाड, उजवीकडे छापखान्यातून आलेला कागद, एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची. इस्त्रीचं टेबल एका टोकाला निमुळतं, त्यामुळे उजवीकडचा कागद नेहमी घसरे. शिवाय कुणाला शर्ट हवा असला की सगळं प्रकरण गुंडाळून ठिपकीच्या बिछान्यावर ठेवावं लागे. चार वर्षं ती अशी तपासत होती. म्हणून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीकडच्या भिंतीचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. भिंत बरोबर नऊ फूट. त्यात सहा फूट सोफा आणि तीन फूट, हवं तेव्हा भिंतीतून खाली पाडायचं, काम झालं की वर लावायचं, तिचं टेबल. तीन फूट तिनं असेच धरले नव्हते. दोन बाडं शेजारी शेजारी आणि मधे लाल पेन्सिल ठेवायला तेवढे लागतात. ते गणित सुटलं त्या दिवशी तिला कित्येक महिन्यांत आला नव्हता असा हलकेपणा आला होता. नऊ म्हणजे सहा आणि तीन. खाली काही उरत नव्हतं.

गणितावर तिचा विश्वास होता, पण डोळ्यांवर जास्त. म्हणून दुकानातून आल्यावर तिनं नेहमीसारखं केलं: जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीनं जोडून त्या त्या फर्निचरच्या मापाचा कागद कापला आणि जमिनीवर त्या त्या जागी चिकटवला. मोठ्या कागदावर स्केचपेननं 'सोफा' लिहिलं, लहानावर 'टेबल', आणि दोन्हींखाली माप. आठ दिवस असंच राहायचं, कुठे अडतंय ते कळतं. चपलांचं कपाट असंच घेतलं होतं आणि उंच पुस्तकांचं कपाट असंच नाकारलं होतं. कागदावर पाय द्यायचा नाही हा नियम. ठिपकीनं त्यात स्वतःची भर घातली होती. ज्याचा पाय पडेल तो फर्निचरला धडकला, त्यानं 'आई गं' म्हणायचं. नवरा सकाळी घाईत दोनदा धडकला आणि दोन्ही वेळा त्यानं निमूटपणे 'आई गं' म्हटलं. "बाबांची उंची किती असेल रे?" तिनं कागद चिकटवताना विचारलं होतं. "बाबा? असतील माझ्याएवढेच," तो म्हणाला. तो स्वतः पाच फूट आठ. तिनं वहीत 'सहा फूट पुरे' असं लिहून त्याखाली रेघ मारली होती.

आजोबांना आत ठेवायचं का, हा प्रश्न ठिपकीनं पुन्हा विचारला नाही. तो आता आईच्याच डोक्यात शिरला होता, आणि दर वेळी तो एका विवक्षित वासाबरोबर येई, लोखंडावर वाळणाऱ्या ओल्या कपड्यांच्या वासाबरोबर. ती बारा वर्षांची असताना वडिलांची बदली अशा ठिकाणी झाली की तिथे पुढची शाळा नव्हती, आणि दोन वर्षं ती मावशीकडे होती. मावशीचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. तिच्यासाठी एक फोल्डिंगची कॉट आणली होती, ती स्वयंपाकघरात टाकत. सकाळी साडेपाचला मावशी तिच्या केसांतून हात फिरवून म्हणायची, "ऊठ गं राणी, गॅस पेटवायचाय मला," आणि ती उठायची, कॉटचे दोन पाय आत घ्यायची, मधला खटका दाबायची आणि ती दाराच्या मागे उभी करायची. खट्. मावसबहिणीच्या कपाटातला एक खण तिचा होता. वाईट कुणीच वागलं नाही. मावशी अजूनही दर महिन्याला फोन करून पोरीची चौकशी करते. एक दिवस शाळेत ताप चढला म्हणून तिला दुपारीच घरी पाठवलं. घरात कुणी नव्हतं, किल्ली शेजारी होती. दार उघडून ती आत आली आणि आडवं व्हायला जागा शोधू लागली. मोठ्यांच्या पलंगावर मोठे झोपत, बहिणीच्या बिछान्यावर बहीण. कॉट दाराच्या मागे होती आणि तिच्यावर ओले कपडे वाळत होते. कपडे काढून दुसरीकडे घालायला आणि कॉट टाकायला पाच मिनिटं लागली असती. ती स्टुलावर बसली, पाठ भिंतीला न टेकता, कारण भिंतीला नुकताच रंग दिला होता, आणि संध्याकाळी सहापर्यंत बसून राहिली. "अगं वेडे, कॉट का नाही टाकलीस?" मावशी कपाळावर हात ठेवून म्हणाली. कुणी नको म्हटलं नव्हतं. फक्त दिवसा ती कॉट नसतेच, असं तिच्या अंगात भिनलं होतं.

हे आठवून तिला रडू वगैरे आलं नाही. उलट मोजमापात एक इंचाची गफलत निघावी तशी बारीकशी चीड आली, आणि ती चीड कुणावर, ते कळेना म्हणून ती प्रुफं घेऊन बसली. टेबल हवंच होतं. तीन फूट हवेच होते.

सासरे मंगळवारी आले. दारातून आत येताना त्यांनी मान खाली घातली. चौकट त्यांच्यापासून पुष्कळ वर होती; पण आयुष्यभर ते मालवाहू जहाजांवर इंजिनच्या खोलीत फिटर होते, बुटक्या लोखंडी दारांतून वावरले होते, आणि जमिनीवरच्या दारांनाही तोच मान देत. हातात एक निळी बॅग. कागद पाहून ते उंबऱ्यातच थांबले. "हे काय, कुणाचा पंचनामा चाललाय?" ठिपकीनं त्यांना नियम समजावून सांगितले. त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतले, मग सोफ्याला वळसा घालून, टेबलाच्या कडेनं, अंग चोरून खुर्चीपर्यंत गेले आणि अगदी शेवटच्या पावलाला मुद्दाम टाच कागदावर टेकवून गंभीरपणे म्हणाले, "आई गं." ठिपकी खूष झाली. त्या क्षणापासून ती त्यांचीच.

"कपाटातला एक खण रिकामा केलाय बाबा," तिनं सांगितलं. "असू दे गं. बॅगेत बरे असतात कपडे, शोधावे लागत नाहीत." हे तिनं सासूबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. वर्षातले दहा महिने बाहेर. घरी आले की दोन महिने बॅग पलंगाखाली, शर्ट बॅगेत. खुंट्या चार होत्या, चारही भरलेल्या, आणि पाचवी ठोकावी असं कुणाला सुचलं नाही, त्यांनाही नाही. मोठा पलंग असूनही झोपायचे ते गुडघे पोटाशी घेऊन, अर्धा पलंग मोकळा सोडून. सासूबाई हे सांगून हसायच्या. जसं कुणी नवऱ्याच्या घोरण्याविषयी सांगावं, तसं. तीही तेव्हा हसली होती.

आल्यापासून ते बाहेरच्या खोलीत, कागदाच्या सोफ्यावर गादी टाकून झोपत, आणि सकाळी कुणी उठायच्या आत गादी गुंडाळून, दोरीनं बांधून कोपऱ्यात उभी करून ठेवत. गाठ अशी की ओढली की सुटे. चहाचा कप धुऊन ठेवत. ठिपकीला शाळेत सोडायला जात. दिवसभर त्यांचं असं घरात काही दिसत नसे. निळी बॅग खुर्चीच्या मागे, चष्मा खिशात. "बाबांचा काही त्रासच नाही," नवरा रोज संध्याकाळी म्हणे, सुटका झालेल्या माणसाच्या आवाजात. आणि बुधवारी दुपारी, गुरुवारी दुपारी, शुक्रवारी दुपारी, इस्त्रीच्या टेबलाशी बसून इकडची एक ओळ, तिकडची एक ओळ वाचताना तिनं डोळे उचलले की समोर ते खुर्चीवर बसलेले असत. ताठ. हात गुडघ्यांवर, पाठ न टेकलेली, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तसे. डोळे मिटलेले. मान हळूहळू खाली येई, हनुवटी छातीला टेके, ते दचकून वर बघत आणि आपण झोपलो नव्हतो असं दाखवायला खिडकीबाहेर बघत. हे बसणं तिला पाठ होतं. त्यात कंबर कुठे दुखते, तहान लागली तरी उठावंसं का वाटत नाही, घड्याळाचा काटा किती वेळानं हलतो, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाबा, गादी टाका ना. तीन दुपारी तिनं ते म्हटलं नाही. कारण दुपारी गादी टाकली तर ती दिवसाची होणार होती, आणि दिवसाची गादी म्हणजे सोफा नाही, पलंग, आणि पलंग म्हणजे 'राहणं', आणि मग नऊ फुटांच्या त्या भिंतीवर तिचं टेबल राहील की जाईल ते तिला सांगता आलं नसतं. हे सगळं तिनं स्वतःशी इतक्या शब्दांत मांडलं नाही. ती खाली बघून लाल पेन्सिलीनं चुका काढत राहिली. शुक्रवारी त्या पानावर तिच्याकडून दोन चुका सुटल्या.

शनिवारी ठिपकीची शाळा लवकर सुटे. नवरा कामावर होता. लिफ्ट शनिवारीही अडकतात. सासऱ्यांच्या पायाला सकाळी जरा लचक भरली होती म्हणून तीच आणायला गेली, आणि किल्लीनं दार उघडून आत पाऊल टाकलं तो समोर जमिनीवर माणूस पडलेला. न्हाणीघर, आठ दिवस, शेजारी, सगळं एकदम. "बाबा!"

"जिवंत आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "मोजून बघतोय."

ते कागदावर होते. कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात डोक्याखाली, आणि सगळे बरोबर चौकटीच्या आत. 'सोफा' या अक्षरांचा काना तेवढा कमरेखालून बाहेर आला होता. गादी कोपऱ्यात तशीच बांधलेली.

"आजोबा, कागदावर पाय नाही द्यायचा!"

"पाय कुठे दिलाय? सगळाच दिलाय," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "पुरतं मला. बघ, उलट हातभर उरतं. जहाजावर तेहतीस वर्षं एवढ्यातच काढली. तू उगीच त्या दुकानात हेलपाटे घालू नकोस. घेऊन टाक."

ती दप्तर हातात घेऊन उभी होती. आणि बाहेर आला तो आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, ठिपकीला रस्त्यात ओढून घेतानाचा. "पाय सरळ करा, बाबा."

"कशाला? भागतंय की."

"सरळ करा."

त्यांनी सुनेकडे जरा नवलानं पाहिलं. मग पाठीवर झाले आणि पाय सोडू लागले. वेळ लागला. आधी एक गुडघा कटकन वाजला, मग दुसरा; पडून राहतानाही सरळ व्हायचं असतं, हे त्या गुडघ्यांना नवीन असावं. डोकं कागदाच्या वरच्या कडेला होतं. टाचा पुढे सरकत गेल्या, सोफ्याची कड आली, ओलांडली, आणि पावलं शेजारच्या कागदावर, 'टेबल'मधल्या पहिल्या अक्षरावर जाऊन थांबली. असं अख्खं उलगडलेलं तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत ते खुर्चीवर बसलेले आहेत. दारांतून ते वाकून येतात. माणूस एवढा लांब असतो हे तिला आत्ता दिसलं.

"आजोबा टेबलाला धडकले! म्हणा!"

"आई गं," ते छताकडे बघून म्हणाले.

"तुमची उंची किती आहे?"

"भरती झालो तेव्हा सहा-एक लिहिलं होतं. आता झिजलो असेन थोडा."

"हा म्हणाला, माझ्याएवढेच असतील."

"त्याला कसं कळायचं?" ते म्हणाले. "मी यायचो तेव्हा तो झोपलेला, तो उठायचा तेव्हा मी." एखाद्या पंपाचा नंबर सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं आणि पाय पुन्हा जवळ घ्यायला लागले. "राहू दे तसेच," ती म्हणाली. ती सगळं मोजत होती, बिजागरीच्या फटीत करंगळी जाते का हेसुद्धा, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्या माणसाला तिनं पट्टी लावली नव्हती. तिला वाईट वाटण्यापेक्षा, छपाईला गेलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर चूक दिसावी तसं झालं. फोन वाजला. दुकानातला माणूस. पीस पॅक करू का, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

"तो सोफा नको," ती म्हणाली. "पलंग दाखवा. साधा. साडेसहा फुटी. न मिटणारा."

"मॅडम, पण मग दिवसा?"

"दिवसापण पलंगच."

तिनं फोन ठेवला. ठिपकी आजोबांच्या अंगठ्यांशी जाऊन बसली होती. साडेसहा म्हणजे टेबलाच्या तिनातले सहा इंच गेले. अडीच फुटांत दोन बाडं मावत नाहीत. एक ओळ वाचून पान उलटायचं, दुसरी वाचून पुन्हा उलटायचं. नवरा संध्याकाळी विचारणार, मग ठरलं का त्यांचं? तिनं ठरवलं होतं, की नुसता एक सोफा नाकारला होता, हे तिला त्या घडीला सांगता आलं नसतं.

"टेबल कुणाचं?" त्यांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"माझं होतं. म्हणजे, एवढं काही नाही."

"तीन फूट लिहिलंयस. एवढं काही नसतं तर दोन लिहिलं असतंस." ते काही वेळ छताकडे बघत राहिले. छताकडे बघत विचार करायची त्यांची जुनी सवय असावी. तिथे वर पाइप असतील. "भिंतीवर लावणार ना? बिजागरीवर?"

"हो."

"मग कमी कशाला करतेस? तीनच कर. सहा इंच येईल माझ्या पायांवर, येऊ दे. जहाजावर माझ्या झोपायच्या बंकवर मी स्वतः अशी फळी केली होती, हत्यारं ठेवायला. फक्त उंची नीट घे. पहिल्यांदा चुकली होती, सहा महिने अंगठे सोलून निघत होते."

"म्हणजे तुम्ही झोपलेले असताना मी तुमच्या पायांवर बसून काम करणार?"

"पायांवर कशाला बसतेस? खुर्चीवर बस," ते म्हणाले. "आणि दुपारी पेन्सिलीचा आवाज येत असला की बरं असतं. इंजिनची सवय आहे मला. एकदम शांत झालं की जाग येते."

तिनं पर्समधून मोजपट्टी काढली आणि त्यांच्या पायाशी बसली. या माणसाच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. तळवे रुंद, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं. एक विचार तिच्या मनात स्वच्छपणे येऊन गेला, की कधीतरी या फळीखाली पाय नसतील आणि फळी मात्र याच उंचीवर राहील. तो विचार भिववणारा नव्हता; तोही एक मापच होता. "हलू नका," ती म्हणाली.

"झोपेत पाय हलले तर?"

"तर चूक राहील पुस्तकात."

ते हसले, आणि त्यांचे पाय हसण्यानं हलले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. टाच जमिनीला, पट्टी सरळ, अंगठ्याच्या टोकापर्यंत. पट्टीचं दुसरं टोक ठिपकीनं दोन्ही हातांनी धरलं होतं, श्वास रोखून. अकरा इंच. वहीत 'सहा फूट पुरे' या ओळीवर तिनं लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं: पलंग गादीसकट अठरा, पाय अकरा, एकोणतीस. तिचं इस्त्रीचं टेबल ती एकोणतीसवरच लावत असे. सगळं जमत होतं. ती वही मिटणार होती. मग थांबली आणि त्याच ओळीत आणखी दोन इंच मिळवले. त्यानं आपल्याला खुर्चीवर उशी घ्यावी लागेल, हे तिच्या लक्षात आलं. पुढे तिनं बारीक अक्षरांत लिहिलं, पांघरुणाचे.